बांधावरचे झाड आणि शेजारधर्म

दोन शेतांच्या मध्ये बांध असतो. दोन घरांच्या मध्ये कुंपण असते. बांधावर बाभूळ उगवते, लिंब वाढतो, बोर माजते. कधी ते झाड कुणी हौसेने लावलेले असते. कधी पाखरांनी बी टाकलेले असते. झाड लहान असते तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. दहा-पंधरा वर्षांनी ते मोठे होते. त्याची सावली शेजारच्या ज्वारीवर पडते. त्याची मुळे शेजारच्या वांग्याच्या वाफ्यात शिरतात. मग बोलाचाली सुरू होते.

खेड्यात शेजारी म्हणजे पुष्कळदा भाऊबंदच. आज्याने चिंच लावली, तेव्हा शेत एक होते. पुढे वाटणी झाली. बांध पडला. चिंच बांधाशेजारी आली. एकाला चिंचा मिळतात, दुसऱ्याला सावली. अशा एका फांदीपायी भाऊ भावाच्या लग्नकार्याला गेला नाही, असे आम्ही गावोगाव पाहिले आहे. फांदी दहा हातांची, पण भांडण दोन पिढ्यांचे! म्हणून या धड्यात आपण बघू की झाडही राहावे, पीकही यावे आणि शेजारही टिकावा, हे कसे साधते.

झाड पिकाचे काय करते?

पान ही पिकाची चूल आहे. ऊन हे त्या चुलीचे जळण आहे. ऊन मिळाले नाही तर पानात अन्न शिजत नाही. मग ताट बारीक राहते. कणीस लहान पडते.

सावली कुठे पडते, हे बघून ठेवा. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेच्या बांधावरचे झाड असेल तर त्याची लांब सावली उत्तरेच्या शेतात पडते. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा यांना ती नडते. झाड उत्तरेच्या बांधावर असेल तर थंडीत आपल्या पिकाला त्याचा त्रास फार कमी होतो. पूर्वेचे झाड सकाळचे ऊन अडवते. पश्चिमेचे झाड दुपारनंतरचे ऊन अडवते.

दुसरी गोष्ट मुळांची. मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. पाणी पिणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दोन फूट मातीत असतात. आपल्या भाजीची मुळेही तिथेच असतात. म्हणजे एकाच ताटात दोघे जेवायला बसले. त्यातला एक पहिलवान. दुसऱ्याच्या वाट्याला काय उरणार?

पण झाडाचे गुणही विसरू नयेत. झाडाची मुळे बांधाची माती धरून ठेवतात. झाड वारा अडवते. लिंबाची निंबोळी पिकावर फवारायच्या अर्काला उपयोगी पडते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात. म्हणून "झाड तोडा" हे पहिले बोलणे असू नये. ते शेवटचे असावे.

आधी स्वतः बघा

शेजाऱ्याकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टी बघा.

एक. झाड कुणाचे? ज्याच्या जमिनीत बुंधा, त्याचे झाड. फांदी आपल्याकडे आली म्हणून झाड आपले होत नाही. फांदीवरचे फळही आपले होत नाही.

दोन. हद्द कुठे? तिच्याबद्दलच शंका असेल तर झाडावरून भांडू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणी मागा. बांध कोरून हद्द ठरत नाही. मोजणीने ठरते.

तीन. नुकसान किती? सकाळी, दुपारी आणि दिवस कलल्यावर शेतात जा. सावलीच्या कडेला खुंट्या ठोका. सावलीत किती तास येतात, ते मोजा. त्या तासांतले ताट आणि लांबच्या तासांतले ताट शेजारी धरून बघा. झाडापासून लांबचे पीकही पिवळे असेल, तर दोष झाडाचा नाही. खत, पाणी किंवा रोग यांचा आहे. उगाच शेजाऱ्याला बोल लावू नका.

हे काम घरातल्या बाईला बरोबर घेऊन करा. खुरपणीला ती रोज त्या तासांत बसते. कोणता तास खुरटला, ते तिला आधी कळलेले असते.

बोलावे कसे?

बांधावर उभे राहून, हातात कोयता घेऊन बोलू नये. चार माणसांत बोलू नये. संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरी जावे. ओसरीवर बसावे. चहा-पाणी, गुराढोरांची चौकशी व्हावी. मग विषय काढावा.

असे बोलू नका: "तुझं झाड काप, नाहीतर मी बघून घेईन."

असे बोला: "अण्णा, तुमच्या लिंबाखाली माझी पाच तास ज्वारी खुरटली. उद्या दुपारी बघायला या. झाड तोडा असं मी म्हणत नाही. माझ्या अंगाच्या फांद्या तेवढ्या उतरवू या. माणूस मी लावतो. पाला आणि सरपण तुमचं."

या बोलण्यात काय काय आले, ते बघा. नुकसान आकड्यात आले. शेजाऱ्याला स्वतः बघायला बोलावले. खर्चाचा वाटा उचलला. त्याची वस्तू त्याला ठेवली. अशा बोलण्याला नकार देणे माणसाला जड जाते.

फांदी कशी उतरवावी?

आधी वर बघा. फांदीजवळून विजेची तार जात असेल तर हात लावू नका. वीज कंपनीच्या माणसाला कळवा. त्याने प्रवाह बंद केल्यावरच काम करा. मोहोळ आहे का, पाखरांची घरटी आहेत का, तेही बघा. खाली लेकरे आणि जनावरे उभी राहू देऊ नका.

कोयत्याने घाव घातले की फांदी चिरते आणि बुंध्याची साल सोलून निघते. त्या जखमेतून कीड आणि बुरशी शिरते. म्हणून करवत वापरा. जाड फांदी तीन कापांत उतरवावी.

पहिला काप बुंध्यापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने घ्या. तो पाव भागापर्यंतच जाऊ द्या. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने घ्या. फांदी साल न सोलता खाली येईल. तिसऱ्या कापाने उरलेले थोटूक काढा. बुंध्याजवळ फांदीला फुगवटा असतो. तो फुगवटा ठेवून त्याच्या बाहेर कापा. तिथून साल वाढते आणि जखम भरते.

एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फांद्या काढू नका. एकच बाजू सगळी उतरवली तर झाडाचा तोल जातो. वादळात ते दुसऱ्या बाजूला, म्हणजे शेजाऱ्याच्याच शेतात पडते. आंब्याच्या फांद्या मोहोराच्या आधी काढू नका. फळे उतरल्यावर काढा. शेजाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बुडवून आपले पीक वाचवणे हा शेजारधर्म नव्हे.

मुळांसाठी चर

मुळांचा त्रास असेल तर पेरणीच्या आधी आपल्या हद्दीत चर खणा. दोन फूट खोल आणि एक फूट रुंद पुरे. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून निदान सहा हात लांब राहा. जवळून मुळे तोडली तर झाडाचा आधार जातो. चर एकाच बाजूला असावा. चारी बाजूंनी मुळे तोडलेले झाड पहिल्या वादळात आडवे होते. तुटलेली मुळे दोन-तीन वर्षांत पुन्हा येतात. तेव्हा चर पुन्हा साफ करावा लागतो, हे धरून चाला.

झाडाजवळच्या पट्ट्यात पीकही बदलून बघा. हळद, आले, अळू यांना थोडी सावली चालते. ज्वारी तिथे खुरटते, पण हळद पाण्यावर आणि खतावर बरी येते.

गाजरगवताचे काय?

काही वेळा त्रास झाडाचा नसतो. शेजारचे रान पडीक असते आणि त्यात गाजरगवत माजलेले असते. हे गवत परदेशातून आलेले. आपल्याकडे ते १९५५च्या सुमारास पुण्यात दिसले आणि पुढे देशभर पसरले. एका झुडपाला हजारो बिया धरतात. वाऱ्याने आणि पाण्याने त्या आपल्या शेतात येतात. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. काहींना दम्याचा त्रास होतो.

याला एकच वेळ चांगली. फूल येण्यापूर्वी, पावसाने माती ओली असताना, मुळासकट उपटायचे. हातात मोजे किंवा पिशवी घालावी. नाकातोंडाला फडके बांधावे. शेजाऱ्याचे रान आहे म्हणून थांबू नका. "दादा, एक दिवस तुमच्यात, एक दिवस माझ्यात" असा इर्जिकीचा बेत करा. एकट्याने आपले शेत साफ केले तर पुढच्या पावसात बी पुन्हा येते.

कायदा काय सांगतो?

शेजारच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली, तर हद्दीपर्यंतचा भाग उतरवता येतो. फांदी तिथे पुष्कळ वर्षे होती, म्हणून शेजाऱ्याचा तसा हक्क होत नाही. पण आपण आपल्याच जमिनीत उभे राहायचे. शेजाऱ्याच्या शेतात पाय टाकायचा नाही. हद्दीपलीकडे करवत न्यायची नाही. उतरवलेले लाकूड त्याच्या स्वाधीन करायचे. आणि आधी त्याला सांगायचे.

महाराष्ट्रात झाडे तोडण्याबद्दल १९६४ सालचा कायदा आहे. त्यात काही झाडांची नावे दिली आहेत. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, हिरडा, ऐन, अंजन ही त्यांपैकी. ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ सालचा वेगळा कायदा आहे. म्हणून मोठे काम करण्याआधी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, किंवा वनखात्याच्या माणसाला विचारून घ्या.

रात्री जाऊन बुंध्याची साल काढणे, मुळाशी औषध ओतणे, असले कधी करू नका. दुसऱ्याचे झाड मुद्दाम मारणे हा गुन्हा आहे. वाळलेले झाड कुणावर पडेल, हे सांगता येत नाही. आणि औषध मातीतून कुणाच्या विहिरीत जाईल, तेही सांगता येत नाही.

शेजारी ऐकतच नसेल तर आधी दोघांना मानणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घाला. मग ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या. २००७ साली शासनाने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्या वेळी गावोगाव समित्या नेमल्या. आपल्या गावात अशी समिती असेल तर तिच्यापुढे जा. कोर्टाची पायरी अगदी शेवटची. दहा तास ज्वारीसाठी दहा वर्षे तारखा घालणे परवडत नाही.

समजुतीचा कागद

आता आपल्याला लिहिता येते. मग त्याचा उपयोग करू या. तोंडी ठरलेले माणूस विसरतो. पुढची पिढी तर ते जाणतच नाही. म्हणून असा कागद करा. मोकळ्या जागी आपापली नावे आणि आकडे भरा.

"आम्ही खाली सही करणार दोघे शेजारी, राहणार मौजे ........ . आमच्या गट नंबर .... आणि गट नंबर .... यांच्या बांधाशेजारी ........चे झाड आहे. झाड ........ यांच्या मालकीचे आहे, हे दोघांना मान्य आहे. त्याच्या ........ बाजूच्या फांद्या दर .... वर्षांनी ........ महिन्यात उतरवायच्या. मजुरी दोघांनी निम्मी निम्मी द्यायची. लाकूड आणि पाला मालकाने न्यायचा. झाड तोडायचे झाल्यास आधी एकमेकांना सांगायचे आणि लागेल ती परवानगी काढायची. तारीख ........ . सह्या १) ........ २) ........ . साक्षीदार १) ........ २) ........ ."

कागदाच्या दोन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक शेजाऱ्याकडे. सही करण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवा. शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर दोनदा वाचा आणि त्याच्या घरच्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला जवळ बसवा. न समजलेल्या कागदावर कुणाचा अंगठा घेऊ नका. अंगठा देताना काय वाटते, ते आपल्याला ठाऊक आहे.

नवे झाड लावताना

नवे झाड बांधावर लावू नका. बांधापासून आत, आपल्या रानात लावा. ते वीस वर्षांनी केवढे होईल, त्याची सावली कुणावर पडेल, हे आज मनात आणा. वड, पिंपळ, चिंच, निलगिरी यांना जागा मोठी लागते. कुंपणाला मेंदी, घायपात अशी कह्यात राहणारी झुडपे बरी. लावण्याआधी शेजाऱ्याला एक शब्द सांगा. तो शब्द फुकट असतो आणि पुढचा तंटा वाचवतो.

प्रश्न

१. थंडीत कोणत्या बांधावरचे झाड पिकाला जास्त नडते? का?
२. जाड फांदी तीन कापांत का उतरवावी?
३. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत अशा पाच झाडांची नावे लिहा.
४. तुमच्या बांधावर कोणकोणती झाडे आहेत? त्यांची यादी करा. प्रत्येक झाडापुढे मालकाचे नाव लिहा.
५. वर दिलेला समजुतीचा कागद आपल्या वहीत उतरवून घ्या आणि घरी वाचून दाखवा.