मध्यमाहरण : वर्गसमीकरणे सोडविण्याच्या रीती

शालेय बीजगणिताचा अभ्यास करणारा विद्यार्थी वर्गसमीकरणाच्या प्रकरणापाशी आला, म्हणजे त्याला एकामागून एक तीन-चार रीती शिकविल्या जातात. आधी अवयव पाडावयाचे, मग वर्ग पूर्ण करावयाचा आणि शेवटी सूत्र पाठ करावयाचे. सूत्र हाती येताच त्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो : सूत्राने प्रत्येक उदाहरण सुटत असेल, तर बाकीच्या रीतींचा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेळीच न मिळाल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी सूत्र तेवढे ध्यानात ठेवतात; आणि मग एखादे चिन्ह चुकले किंवा ऐन वेळी सूत्रच आठवले नाही, की त्यांची गाडी अडते. प्रस्तुत लेखात आपण एकच समीकरण निरनिराळ्या रीतींनी सोडवू आणि त्या रीतींचे परस्परांशी काय नाते आहे, हे पाहू. वाचकाने कागद व पेन्सिल जवळ घेऊन प्रत्येक पायरी स्वतः करून पाहावी, हे उत्तम.

१. अडचण कोठे आहे?

एका आयताकृती अंगणाची लांबी त्याच्या रुंदीपेक्षा १० हातांनी अधिक असून त्याचे क्षेत्रफळ ३९ चौरस हात आहे. रुंदी किती? रुंदीस क्ष मानले, तर लांबी क्ष + १० होईल, आणि

क्ष² + १०क्ष = ३९

असे समीकरण मिळेल. ज्या समीकरणात अव्यक्त राशीचा वर्ग येतो आणि त्याहून वरचा घात येत नाही, त्यास वर्गसमीकरण म्हणतात. अव्यक्ताच्या ज्या किंमतींनी समीकरणाच्या दोन्ही बाजू समान होतात, त्या किंमती म्हणजे त्या समीकरणाची मुळे होत.

समीकरण क्ष² = ४९ असे असते, तर काहीच कष्ट नव्हते. ज्या संख्येचा वर्ग ४९ आहे ती ७ किंवा −७, हे आपण तत्काळ सांगितले असते. अडचण आहे ती मधल्या पदाची, म्हणजे १०क्ष या पदाची. त्यामुळे एकाच समीकरणात अव्यक्त दोन रूपांनी येते, आणि नुसते वर्गमूळ काढून भागत नाही. प्राचीन भारतीय गणितज्ञांनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती. वर्गसमीकरण सोडविण्याच्या क्रियेस त्यांनी ‘मध्यमाहरण’ असे नाव दिले. मध्यम पद नाहीसे करणे, हा त्याचा अर्थ. पुढील सर्व रीती वाचताना हे नाव वाचकाने मनात वागवावे. कारण प्रत्येक रीत म्हणजे मधल्या पदाचा बंदोबस्त करण्याचा एकेक उपाय आहे.

२. अवयवांची रीत

सर्व पदे एका बाजूस आणली, म्हणजे आपले समीकरण क्ष² + १०क्ष − ३९ = ० असे होते. आता ज्यांचा गुणाकार −३९ व बेरीज १० येईल, अशा दोन संख्या शोधावयाच्या. ३९ चे अवयव थोडे आहेत. १३ व −३ ही जोडी लवकरच सापडते. म्हणून

(क्ष + १३)(क्ष − ३) = ०.

दोन राशींचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकी निदान एक शून्य असलीच पाहिजे. या रीतीचा सारा आधार हा एवढाच नियम आहे, आणि तो केवळ शून्याच्या बाबतीत खरा आहे. म्हणूनच उजव्या बाजूस शून्य आणल्यावाचून अवयव पाडू नयेत. येथे क्ष = ३ किंवा क्ष = −१३. अंगणाची रुंदी ऋण असू शकत नाही. म्हणून रुंदी ३ हात व लांबी १३ हात. ताळा : ३ × १३ = ३९.

ही रीत जलद आहे, परंतु तिला मर्यादा आहे. क्षेत्रफळ ३९ ऐवजी ४० चौरस हात घेऊन पाहा. ज्यांचा गुणाकार −४० व बेरीज १० येते, अशा दोन पूर्णांक संख्या कितीही शोधल्या तरी सापडत नाहीत. अंगण तर खरोखरच काढता येते; मग त्याची रुंदी काय? येथे अवयवांची रीत मौन धरते, आणि दुसऱ्या रीतीची गरज उत्पन्न होते.

३. वर्ग पूर्ण करण्याची रीत

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदाद येथे अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने बीजगणितावर एक ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरूनच युरोपीय भाषांत या शास्त्राचे नाव रूढ झाले. आपण घेतलेले क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण त्याच ग्रंथातील आहे. त्याने ते आकृतीच्या साहाय्याने समजावून दिले.

क्ष बाजूचा एक चौरस काढा. १०क्ष या पदाचे दोन समान भाग करा. प्रत्येक भाग म्हणजे क्ष लांबीचा व ५ रुंदीचा एक आयत. त्यांपैकी एक आयत चौरसाच्या उजव्या बाजूस व दुसरा खालच्या बाजूस जोडा. या तिन्हींचे एकूण क्षेत्रफळ ३९ आहे. आता आकृती जवळजवळ चौरस दिसते. केवळ एक कोपरा रिकामा राहतो, आणि तो ५ × ५ म्हणजे २५ चा आहे. तो भरून काढला, की क्ष + ५ बाजूचा पूर्ण चौरस मिळतो :

(क्ष + ५)² = ३९ + २५ = ६४.

म्हणून क्ष + ५ = ८ आणि क्ष = ३. चौरसाची बाजू ऋण नसते. म्हणून अल्-ख्वारिझ्मीने येथेच थांबणे स्वाभाविक होते. आपण −८ हेही ६४ चे वर्गमूळ मानतो; त्यावरून क्ष = −१३ हे दुसरे मूळ मिळते.

मधल्या पदाच्या सहगुणकाची निमपट करून तिचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा, हा नियम विद्यार्थी पाठ करतात. निमपट का करावयाची व वर्ग का मिळवावयाचा, याचे उत्तर या रिकाम्या कोपऱ्यात आहे. आता मघाचे अडलेले उदाहरणही सुटते : (क्ष + ५)² = ४० + २५ = ६५; म्हणून क्ष = √६५ − ५, म्हणजे सुमारे ३.०६ हात.

४. श्रीधराचार्यांची रीत

वर्गाचा सहगुणक १ नसेल, तर वरील रीतीत अपूर्णांकांचा उपद्रव होतो. ३क्ष² + ५क्ष = २ हे समीकरण घ्या. प्रथम ३ ने भागले, तर ५/३ ची निमपट, तिचा वर्ग, मग समच्छेद, असा पसारा वाढत जातो. श्रीधराचार्यांनी यावर सुंदर तोड सांगितली आहे. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात हा नियम त्यांच्या नावाने दिल्यामुळे तो आपणापर्यंत पोहोचला.

नियम असा : वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंस गुणावे आणि मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा. येथे १२ ने गुणून ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्ही बाजूंत २५ मिळवून

(६क्ष + ५)² = ४९.

म्हणून ६क्ष + ५ = ७ किंवा −७; अर्थात् क्ष = १/३ किंवा −२. शेवटच्या भागाकारापर्यंत एकही अपूर्णांक आला नाही, हे लक्षात घ्यावे.

५. सूत्र

हीच कृती संख्यांऐवजी अक्षरे घेऊन केली, की सूत्र आपोआप मिळते. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या समीकरणात अ शून्य नाही, असे समजून ४अ ने गुणा, ब² मिळवा आणि ४अक उजव्या बाजूस न्या :

(२अ·क्ष + ब)² = ब² − ४अक.

क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] ÷ २अ.

म्हणजे सूत्र ही काही निराळी रीत नव्हे. वर्ग पूर्ण करण्याची कृती एकदाच, सर्वांसाठी करून ठेवली, तिचे ते फलित आहे. ज्याला ही कृती येते, त्याला सूत्राचे विस्मरण झाले तरी भय नाही. चार ओळींत तो ते पुन्हा उभे करील.

ब² − ४अक या राशीस विवेचक म्हणतात. तो धन असेल तर दोन भिन्न वास्तव मुळे, शून्य असेल तर दोन्ही मुळे समान, आणि ऋण असेल तर वास्तव मूळ नाही. उदाहरणार्थ, क्ष² + १०क्ष + ३० = ० यावरून (क्ष + ५)² = −५ असे येते; आणि कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो.

६. निम्म्या बेरजेची रीत

क्ष² + १०क्ष − ३९ = ० या समीकरणात मुळांची बेरीज −१० व गुणाकार −३९ आहे. बेरीज −१० असल्यामुळे दोन्ही मुळे −५ पासून सारख्याच अंतरावर असली पाहिजेत. ते अंतर द मानू. मग मुळे −५ + द व −५ − द; त्यांचा गुणाकार २५ − द² = −३९; म्हणून द² = ६४, द = ८. मुळे ३ व −१३. येथे अवयव चाचपडत शोधावे लागत नाहीत.

दोन संख्यांची निम्मी बेरीज व निम्मा फरक घेऊन असे प्रश्न सोडविण्याची कल्पना इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या काळातील बाबिलोनी मृत्तिकापट्टांवर आढळते. २०१९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे गणितज्ञ पो-शेन लो यांनी ती शालेय शिक्षणासाठी सोप्या रूपात पुन्हा मांडली. येथेही (क्ष + ५) चा वर्ग ६४ आहे, हीच गोष्ट निराळ्या वाटेने आली, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

७. कोणते मूळ ग्राह्य?

मुळे काढली, म्हणजे काम संपले असे नव्हे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ (इ.स. ११५०) या ग्रंथात माकडांची दोन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात, कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग एवढी माकडे वनात खेळत आहेत व उरलेली १२ टेकडीवर आहेत. येथे उत्तरे ४८ व १६ येतात आणि दोन्ही जुळतात : ३६ + १२ = ४८, तसेच ४ + १२ = १६. दुसऱ्यात, कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली व एक फांदीवर दिसत आहे. समीकरण सोडविले, तर उत्तरे ५० व ५ येतात. परंतु ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वजा केले, तर −२ उरतात. समीकरण या उत्तराने सुटते, तथापि ‘उणे दोन माकडे’ ही कल्पना लोकांस पटणारी नाही, म्हणून भास्कराचार्य ते उत्तर सोडून देतात. ताळा समीकरणात पाहावा, तसाच मूळ प्रश्नातही पाहावा, हा या उदाहरणाचा बोध होय.

८. कोणती रीत केव्हा?

सहगुणक लहान असून अवयव सहज दिसत असतील, तर ते पाडावे. मधला सहगुणक सम व वर्गाचा सहगुणक १ असेल, तर वर्ग पूर्ण करणे सोयीचे. अन्यत्र श्रीधराचार्यांची रीत किंवा सूत्र वापरावे. मात्र सूत्रही डोळे झाकून वापरू नये. क्ष² − १००क्ष + १ = ० याची मुळे ५० ± √२४९९. हे वर्गमूळ एका दशांश स्थळापर्यंत घेतले, तर ५०.० येते आणि लहान मूळ शून्य ठरते. पण शून्य घालून पाहिले, तर डावी बाजू १ होते! जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत अचूकपणा असा हरपतो, आणि संगणकाच्या आकडेमोडीतही हा धोका असतो. उपाय सोपा आहे. मोठे मूळ सुमारे १०० आहे व मुळांचा गुणाकार १ आहे. म्हणून लहान मूळ सुमारे १/१००, म्हणजे ०.०१. खरी किंमत सुमारे ०.०१०००१ आहे. सूत्र जेथे फसवू पाहते, तेथे दुसऱ्या रीतीचे ज्ञान असे उपयोगी पडते. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

अभ्यासार्थ उदाहरणे

(१) क्ष² + ६क्ष = ५५ हे समीकरण अवयवांच्या रीतीने, वर्ग पूर्ण करून व निम्म्या बेरजेच्या रीतीने सोडवा.
(२) २क्ष² + ७क्ष = १५ हे श्रीधराचार्यांच्या रीतीने सोडवा.
(३) क्ष² + ८क्ष + १६ = ० व क्ष² + ८क्ष + २० = ० यांचे विवेचक काढून मुळांविषयी काय सांगता येईल ते लिहा.

उत्तरे : (१) ५, −११. (२) ३/२, −५. (३) पहिल्याचा विवेचक ०, दोन्ही मुळे −४. दुसऱ्याचा −१६, वास्तव मूळ नाही.