सिझरनंतर पोट फुगलं, तर ‘गॅस आहे’ म्हणून थांबू नका

मैत्रिणींनो, या महिन्याच्या गट बैठकीत वाचायचा विषय आहे बाळंतिणीचं पोट. ज्यांच्या घरी सून-लेक बाळंत होणार आहे, त्यांनी जरूर ऐका.

सिझर झाल्यावर एक-दोन दिवस आतडी सुस्त असतात. नंतर वारा सरतो, शी होते, पोट हलकं होतं. पण काही जणींची आतडी लवकर चालूच होत नाहीत. मोठ्या आतड्यात अडथळा काही नसतो, तरी हवा साठत जाते आणि पोट ढोलासारखं ताणतं. याला ‘ओगिल्वी सिंड्रोम’ म्हणतात. हा त्रास कमी जणींना होतो. मात्र उशीर झाला तर आतडं फाटू शकतं आणि बाईचा जीव जाऊ शकतो.

त्यातच डेंग्यू, कोविडसारखा विषाणूचा आजार असेल तर जास्त जपायला हवं. ताप-उलट्यांनी अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. पोटॅशियम कमी झालं की आतडी आणखी ढिली पडतात. डेंग्यूत तर ताप उतरतानाच धोका वाढतो. तेव्हा पोट दुखलं, सारख्या उलट्या झाल्या तर ‘ताप गेला, आता बरी आहे’ असं समजू नका.

ही लक्षणं दिसली की लगेच दवाखाना
- पोट फुगत चाललंय, कडक लागतंय
- वारा सरत नाही, शी होत नाही (थोडी पातळ शी झाली तरी पोट फुगलेलं असेल तर जा)
- हिरव्या-पिवळ्या उलट्या
- ताप, धाप, छातीत धडधड
- पोटदुखी वाढतेय

घरी हे करू नका
एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊ नका. पोट चोळू नका, शेकू नका. ‘ताकद येईल’ म्हणून बळजबरीनं खाऊ घालू नका. दुखण्याची गोळी मेडिकलमधून मनानं आणू नका. डेंग्यूत काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

दवाखान्यात एक्स-रे, रक्ततपासणी करतात, सलाईन लावतात, गरज पडली तर नाकातून नळी घालून पोट हलकं करतात. वेळेत गेलं तर बहुतेक जणी दुसऱ्या ऑपरेशनशिवाय बऱ्या होतात. सिझर कधी झालं आणि ताप कधी आला, हे डॉक्टरांना आधी सांगा. डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

पैशासाठी थांबू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत सरकारी दवाखान्यात आईचे उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. गाडीसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा. वरखर्चाला गटाचं अंतर्गत कर्ज आहेच.

बैठकीत बोलूया
१. आपल्या गटात सध्या कोणाच्या घरी बाळंतीण आहे? तिच्याकडे कोण जाऊन येईल?
२. रात्री त्रास झाला तर तिला कोण घेऊन जाईल?

‘वारा सरला का गं?’ हे बाळंतिणीला विचारायला लाजू नका. तिनेही सांगायला लाजू नये.