गोळी तीच, भाकरी अर्धी

आमचे नाना एसटीत कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीतही सुट्ट्या पैशांचा हिशेब कधी चुकला नाही. तेच नाना एकदा दूधवाल्याच्या बिलाशी अर्धा तास झटत बसले. ‘वय झालं,’ म्हणून आम्ही सोडून दिलं आणि तिथेच दोन वर्षं घालवली. तपासणीत अल्झायमर निघाला. मधुमेह तर वीस वर्षं जुना.

माझी दुसरी चूक त्याहून मोठी. अल्झायमर म्हणजे ‘टाइप ३ डायबेटिस’ असं मोबाइलवर वाचलं आणि मीच डॉक्टर झालो. भात बंद, भाकरी अर्धी, रात्री नुसतं सूप. साखरेची गोळी मात्र तेवढीच. आठव्या दिवशी पहाटे नाना घामाने चिंब, बरळत होते. मीटरवर साखर ४२. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून साखरपाणी पाजून निभावलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदूतल्या पेशींनाही इन्सुलिनचा निरोप लागतो, स्मरणशक्तीसाठीसुद्धा. अल्झायमरमध्ये अनेकदा त्या तो निरोप नीट ऐकेनाशा होतात. ‘टाइप ३’ हा शब्द २००५मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या सुझान डी ला माँट यांच्या संशोधनातून पुढे आला. पण ते अधिकृत निदान नव्हे. मधुमेहामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो हे खरं. तरी आधी काय बिघडतं, इन्सुलिनचं काम की मेंदू, याचा निकाल लागलेला नाही. नाकावाटे इन्सुलिन देण्याच्या २०२०च्या चाचणीत फायदा दिसला नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाच्या २०२५मधल्या मोठ्या चाचण्यांतही आजाराचा वेग मंदावला नाही. आणि साखर वारंवार खूप उतरणं मेंदूला घातकच.

म्हणून सांगतो. मधुमेही माणूस व्यवहारात अडखळू लागला, तर वयावर ढकलू नका, दाखवा. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसरायला होतं. चालणं, रक्तदाब, साखर हे चाळिशीतच सांभाळा. विसराळू माणसाची गोळी त्याच्या हाती सोपवू नका: घेतलेली विसरून तो पुन्हा घेतो. आहार बदलायचा तर डोस आधी विचारा.

डॉक्टरांनी नानांची गोळी बदलली, साखरेची मर्यादाही थोडी सैल केली. आता आमच्याकडे नियम आईचा आहे: ताट वाढल्याशिवाय गोळ्यांची डबी उघडायची नाही. डबीची किल्ली तिच्या कमरेला असते. मला हात लावू देत नाही.