ओळखीची फांदी

(घरी पाळलेल्या बजी पक्ष्याला कोणत्या झाडाची फांदी द्यावी, कोणती देऊ नये आणि ती कशी तयार करावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी बजी असतील. हिरव्या, निळ्या, पिवळ्या रंगांचे हे छोटे पक्षी बाजारात ‘लव्ह बर्ड’ या नावाने विकले जातात. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले. बजी हा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट आहे. त्याची लांबी सुमारे १८ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० ग्रॅम असते. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजी इंग्लंडला नेले. पुढे तो जगभर पाळला जाऊ लागला. आपल्या देशातले पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बजी परदेशी असल्यामुळे तो पाळता येतो.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांत बजी मोठ्या थव्यांनी फिरतात. ते गवताचे बी खातात आणि निलगिरीसारख्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. ढोलीचे तोंड लहान असले, तर मादी ते चोचीने कुरतडून मोठे करते. कुरतडणे हा बजीचा स्वभावच आहे. त्याची चोच जन्मभर वाढत राहते. लाकूड आणि साल कुरतडल्याने ती झिजते व बेताची राहते. पिंजऱ्यात कुरतडायला काहीच नसले, तर पक्षी कंटाळतो. कधीकधी तो स्वतःचीच पिसे उपटू लागतो.

पिंजऱ्याबरोबर मिळणारी दांडी बहुधा गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीची असते. त्यामुळे तळव्याच्या त्याच त्याच जागी दाब पडतो आणि तेथे जखम होऊ शकते. खरी फांदी कोठे जाड, कोठे बारीक, कोठे वाकडी असते. तिच्यावर बसताना पायांना व्यायाम मिळतो. बजीसाठी साधारण एक ते दोन सेंटिमीटर जाडीची फांदी चांगली.

मग कोणतीही फांदी तोडून पिंजऱ्यात ठेवली तर चालेल का? नाही. रानातला पक्षी एक झाड सोडून दुसऱ्या झाडावर जाऊ शकतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यापुढे तुम्ही ठेवाल तेवढेच असते. ते तो चावून पाहणारच. म्हणून झाडाची पारख त्याच्या वतीने तुम्हांला करावी लागते.

आपल्या ओळखीची कितीतरी झाडे बजीला चालतात. पेरूची फांदी टणक असते, ती पुष्कळ दिवस टिकते. पेरू म्हणजे उर्दूतला अमरूद. निलगिरीची डहाळीही द्यावी. हे झाड ऑस्ट्रेलियातूनच आपल्याकडे आले आहे, म्हणजे ते बजीच्या गावचेच म्हणा ना! जास्वंदीची फांदी व फुले, बांबूची काठी आणि कोवळी पाने हेही बजीला आवडते. शेवग्याचा पाला पिंजऱ्यात टांगला, की बजी त्यात अंग घुसळतो आणि पाने खातो. शेवगा म्हणजे सहजन. आपल्याकडे पक्षी पाळणारे कडुनिंबाची डहाळीही देतात. स्वच्छ जागेवरची हरळी, राळ्याचे किंवा बाजरीचे कणीस दिले, तर त्याला रानातल्या गवताची मजा मिळते. राळा म्हणजे कंगनी.

आता विषारी झाडे पाहू. गुलाबी फुलांची कण्हेर रस्त्याच्या दुभाजकावर आणि बागांत सर्रास लावतात. दिसायला ती सुंदर असते, पण तिचे पान, फूल, साल, लाकूड सगळे विषारी असते. तिच्या विषाचा परिणाम हृदयावर होतो. पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी आणि गुंज हीसुद्धा विषारीच. घराघरांत बाटलीत लावलेला मनी प्लांटही बजीपासून दूर ठेवावा. त्याच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते तोंडात व घशात टोचतात. अव्होकाडोची फळे आपण खातो, पण त्याचे फळ आणि पान दोन्ही पक्ष्यांना घातक आहेत.

येथे आपल्याला आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपण घरी उर्दू बोलतो आणि शेजारी मराठी. काही शब्द दोन्ही भाषांत सारखे ऐकू येतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. उर्दूत रूई म्हणजे कापूस. मराठीत रुई म्हणजे आक किंवा मदार. हे झाड विषारी चिकाचे आहे. उर्दूत शेर म्हणजे सिंह किंवा वाघ. मराठीत शेर नावाचे एक झाड कुंपणाला लावतात. त्याला हिरव्या कांड्या असतात आणि त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला, तर डोळ्यांना इजा होते. उर्दूत पान म्हणजे विड्याचे पान. मराठीत मात्र कोणत्याही झाडाचा पत्ता हे पानच, आणि पुस्तकाचा सफाही पानच. म्हणून कोणी ‘रुईची फांदी आणली’ असे म्हटले, तर कापसाची समजून घेऊ नका. झाडाचे नाव दोन्ही भाषांत विचारा. माळीकाका, आजी किंवा विज्ञानाचे शिक्षक यांना डहाळी दाखवा. नाव पक्के कळले नाही, तर ती डहाळी पिंजऱ्याबाहेरच राहू द्या.

झाड चांगले असले, तरी जागाही चांगली हवी. रहदारीच्या रस्त्यावरच्या झाडांवर धूळ आणि धुराचा थर असतो. बागायतीत कीटकनाशक फवारलेले असते. वस्तीत डासांसाठी धूर फवारला असेल, तर तेथील पालाही घेऊ नये. शेजाऱ्यांच्या अंगणातल्या झाडाची फांदी त्यांची परवानगी घेऊनच कापावी. तिच्यावर दुसऱ्या पक्ष्याचे घरटे असेल, तर तिला हात लावू नये. आपल्या पक्ष्यासाठी दुसऱ्याचे घर मोडणे बरे नव्हे.

आणलेली फांदी साध्या पाण्याने ब्रशने घासून धुवावी. साबण लावू नये. मोठ्यांच्या मदतीने तिच्यावर उकळते पाणी ओतावे आणि ती एकदोन दिवस कडक उन्हात वाळवावी. बुरशी किंवा किडे दिसले, तर ती टाकून द्यावी. हिरवा पाला धुऊन ताजाच द्यावा आणि सुकला की काढून टाकावा.

नवी वस्तू पाहून बजी घाबरतो. म्हणून फांदी आधी दोनतीन दिवस पिंजऱ्याजवळ बाहेर ठेवावी, मग आत लावावी. ती दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांवर येऊ देऊ नये, नाहीतर विष्ठा त्यांत पडते.

पक्षी आजार लपवतो. तो पिसे फुगवून गप्प बसला, खात नसेल, उलटी करत असेल किंवा श्वास घेताना त्याची शेपटी वरखाली हलत असेल, तर वाट पाहू नका. त्याला लगेच पशुवैद्याकडे न्या. त्याने चावलेली डहाळी बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टरांना झाड ओळखता येईल.

तुम्ही धरलेली डहाळी बजी विश्वासाने चोचीत घेतो. त्याच्यासाठी एवढे करणे आपले कर्तव्य आहे.

शब्दार्थ

ढोली – झाडातील पोकळ जागा
डहाळी – लहान फांदी (उर्दू : टहनी)
पारख – ओळख, परीक्षा
चीक – झाडातून निघणारा चिकट रस
घातक – जिवाला धोका करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बजी मूळचा कोणत्या देशातला?
(आ) कण्हेरीचे कोणकोणते भाग विषारी असतात?

२. कारणे लिहा.
(अ) बजीला कुरतडण्यासाठी फांदी द्यावी.
(आ) रहदारीच्या रस्त्यावरचा पाला पक्ष्याला देऊ नये.

३. पुढील शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा : रुई, शेर, पान.

उपक्रम : शाळेच्या आवारातील पाच झाडांची नावे मराठीत व उर्दूत लिहून तक्ता तयार करा. कोणते झाड बजीला चालेल, ते शिक्षकांना विचारून त्यापुढे लिहा.