🌱 घटपर्णी: बियाण्याआधी परवाना
शेडनेटमध्ये शोभेची घटपर्णी लावावी का, असं काही सभासद विचारतायत. मेघालयातली देशी घटपर्णी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येते. परवान्याशिवाय तिची लागवड-विक्री करता येत नाही. ऑनलाइन बी मागवण्याआधी वनखात्यात विचारा.

परवाना मिळाला तर बी ताजंच घ्या, जुनं उगवत नाही. केसासारखं बारीक बी धुतलेल्या ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरा, झाकू नका. उगवायला महिना-दोन महिने लागतात. पाणी पावसाचं साठवलेलं. बोअरचं खारं नको. शेणखत, युरिया चिमूटभरही नाही! हा वेल नापीक जमिनीतला, नत्र किड्यांतून मिळवतो. नर-मादी वेल वेगळे, त्यामुळं एकट्या वेलावर घरचं बी धरत नाही.

मसाई पठारावरची सीतेची आसवंही कीटकभक्षीच. ती मात्र उपटून आणू नका.