ट्रॉम्बेचा भुईमूग किरणोत्सर्गी असतो का?

प्रश्न : 'टॅग-२४' हा भुईमूग ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केला, असं बियाण्याच्या दुकानात कळलं. किरणांचा मारा केलेलं बी पेरायचं आणि त्याच्याच दाण्यांची चटणी खायची. मग किरणोत्सर्ग पोटात जात नाही का?
– एक वाचक, मस्तगड, जालना

उत्तर : बियाण्यांच्या जालन्यातून ही शंका यावी, हे साजेसंच. ज्यावर किरण पडले ते स्वतःही किरण फेकू लागतं, अशी समजूत तिच्या मुळाशी आहे.

आधी हे किरण येतात कुठून ते पाहू. भुईमुगावरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत ट्रॉम्बेला क्ष-किरण वापरले होते. गॅमा किरण हवे असतील तर कोबाल्ट-६० लागतं. त्याच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३३ न्यूट्रॉन असतात, आणि ही जुळणी टिकाऊ नाही. केव्हातरी एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि कोबाल्टचं निकेल बनतं. हा बीटा क्षय. नव्या निकेलजवळ उरलेली जादा ऊर्जा दोन गॅमा किरणांतून निघून जाते. इलेक्ट्रॉन धातूच्या कुपीतच अडतात, कोबाल्टही आतच राहतं. बियापर्यंत पोचतात ते फक्त गॅमा किरण. पेशीतल्या डीएनएचे बंध तोडण्याइतका त्यांच्यात जोर असतो, पण बियातल्या अणूंचं केंद्रक अस्थिर करण्याइतका नसतो. छातीचा एक्स-रे काढून घरी आलेला माणूस किरण फेकत नाही, तसंच हे.

शिवाय तुमच्या पिशवीतल्या बियाण्यावर कुणी किरण सोडलेलेच नाहीत. ते सोडले होते त्याच्या पूर्वजांवर. डीएनएत बदल होऊन त्यातून उपजलेली बरीचशी झाडं कामाची नसतात. चांगली निघाली ती निवडून, त्यांच्या संकरातून 'टॅग-२४' घडला आणि १९९१ साली शेतकऱ्यांपर्यंत आला. लासलगावच्या केंद्रात मात्र २००२ पासून खाण्याच्याच कांद्यावर गॅमा किरण सोडतात, कोंब येऊ नयेत म्हणून. तोही कांदा किरणोत्सर्गी होत नाही. कारण वर सांगितलं तेच.

आता हट्टाने विचारलंत, की दाण्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही का, तर प्रामाणिक उत्तर 'किंचित आहे' असंच द्यावं लागेल. पण त्यात ट्रॉम्बेचा हात नाही. भुईमूग जमिनीतून पोटॅशियम घेतो आणि निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशियम अणूंपैकी साधारण एक पोटॅशियम-४० चा असतो. तो सुमारे सव्वाशे कोटी वर्षांत निम्मा होतो, म्हणजे अगदी सावकाश. तो गावरान शेंगेत असतो, केळ्यात असतो आणि चटणी खाणाऱ्याच्या हाडामांसातही असतो.