डबीत किती आणि अंगी किती?

नळदुर्गसारख्या गावातही आता मेडिकलच्या दुकानातून आणि ओळखीपाळखीच्या माणसांकडून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या व पावडरी घरात येतात. एका डबीला कधी आठवड्याचा बाजार होईल एवढे पैसे जातात. म्हणून त्या विकत घेण्याआधी दोन गोष्टी आपण समजून घेऊ.

शरीरात अन्नापासून शक्ती तयार होताना 'फ्री रॅडिकल' नावाचे अस्थिर कण निर्माण होतात. ते फार वाढले तर पेशींना इजा करतात. त्यांना आवर घालणारे घटक म्हणजे अँटिऑक्सिडंट. जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई आणि कॅरोटीन ही त्यांतली परिचित नावे.

पहिली गोष्ट शोषणाची. डबीवर लिहिलेले सगळेच रक्तात उतरत नाही. दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंतचे क जीवनसत्त्व आतडी चांगले शोषून घेतात. एकदम १००० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर शोषणाचे प्रमाण निम्म्यापर्यंत घसरते आणि रक्तात गेलेले जास्तीचेही लघवीवाटे निघून जाते. एका मध्यम पेरूतून दिवसाची गरज सहज भागते. कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व तेलात विरघळतात, म्हणून जेवणात थोडे तेल असेल तरच ते नीट शोषले जातात. शेवग्याचा पाला किंवा मेथी शिजवून वर लसणाची फोडणी देण्याची आपल्या आया-आज्यांची रीत म्हणूनच योग्य आहे. शिजल्याने पाल्यातले कॅरोटीन मोकळे होते आणि तेल ते आत पोहोचवते. चमचाभर तेल पुरते. ते करडईचे असेल तर ई जीवनसत्त्वही मिळते.

दुसरी गोष्ट, जास्त म्हणजे चांगले असे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. १९९४ साली त्याचा निष्कर्ष आला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट १८ टक्क्यांनी वाढला. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी या गोळ्यांपासून दूरच राहावे. त्यांचे खरे औषध विडी सोडणे हेच आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. "हे घ्या, बाकी गोळ्या बंद करा," असे कोणी सांगितले म्हणून बीपीची किंवा शुगरची गोळी कधीही बंद करू नका. डबी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा. गरोदर भगिनींनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. डॉक्टरांनी कमतरता तपासून गोळी लिहून दिली असेल, तर ती जरूर घ्यावी.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, हिताचे आहे का ते स्वतः पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. विहारात ऐकलेली ही शिकवण औषधाच्या डबीलाही लावू या. डबीचे पैसे भाजी, डाळ, शेंगदाणे आणि फळांवर खर्च करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!